नवा पेनड्राइव्ह आधी काठोकाठ भरून बघा
इंदुरात राजवाड्याजवळून स्वस्तात आणलेल्या १ टीबीच्या पेनड्राइव्हवर मी आईच्या साठीचे फोटो ठेवले. नावं सगळी दिसत होती, पण उघडेनात. आत्या औक्षण करतेय तो एक उघडला, त्याचाही खालचा अर्धा भाग नुसता करडा. फार वाईट वाटलं.

अशा नकली ड्राइव्हमध्ये चिप लहान असते. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलंच सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरला खोटं माप सांगतं आणि खरी जागा संपली की पुढचा डेटा वाया जातो. म्हणून प्रॉपर्टीजमधल्या आकड्यावर विसंबू नका. ड्राइव्ह रिकामा असतानाच विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ (H2testw), लिनक्सवर ‘एफथ्री’ (F3) चालवा. ही साधनं तो पूर्ण भरतात, मग लिहिलेलं परत वाचून ताडतात. रात्रभर लागलं तरी मध्येच थांबवू नका. चूक दिसली तर परत करा. त्यासाठी पक्कं बिल घ्याच.