गोव्यातल्या ट्रेलसाठी हार्डटेल एमटीबी घेताना काय बघायचं

हार्डटेल एमटीबी म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईक. सायकल निवडायच्या आधी ती चालवणार कुठे ते बघा. पेडणे, डिचोलीकडचे सडे (डोंगरावरचे सपाट माळ) घ्या, खाली सगळा जांभा, त्यावर सुटी बारीक खडी, टायर मण्यांवर ठेवल्यासारखा सरकतो. सत्तरीत वाळपई-केरीच्या बाजूला काजूच्या बागायतीतून वाटा जातात, मार्च-एप्रिलमध्ये सुकलेल्या पानांचा थर असतो आणि त्याखाली मुळं दिसतच नाहीत. जूननंतर त्याच दगडांवर शेवाळ, आणि तांबडा चिखल जिथे फट मिळेल तिथे घुसतो. अशा ठिकाणी मला हार्डटेलच पटते, मागे शॉक नाही, त्याच्या सांध्यांची (पिव्हटची) बेअरिंग्ज नाहीत, पावसाचे चार महिने चालवली तरी धुवायची, पुसायची, चेनला तेल घालायचं आणि परत काढायची. पण हार्डटेल म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं ट्रेलचं नसतं, हे आधी लक्षात घ्या.

दुकानात गेलात की बोलणं गिअरवर जातं, किती स्पीड, कुठला डेरेलर (गिअर बदलताना चेन हलवणारा भाग). ते सगळं नंतर बदलता येतं हो. हँडल, सीट, ब्रेक, टायर, गिअर, पैसे हातात येतील तसं एकेक बदला. फ्रेमचे अँगल आणि मागच्या ॲक्सलची (चाकाच्या आसाची) रुंदी मात्र घेतली तीच कायमची, म्हणून थोडा साधा डेरेलर असलेली पण चांगल्या फ्रेमची सायकल घ्या, उलटं करू नका.

फ्रेममध्ये पहिला बघायचा तो हेड अँगल, म्हणजे हँडलखालची हेड ट्यूब जमिनीशी किती कललेली आहे तो कोन, आकडा कमी तेवढी ती झोपलेली. कंपनीच्या साईटवर जॉमेट्रीचा तक्ता असतो, त्यात मिळतो. जुन्या पद्धतीच्या एक्ससी (क्रॉस-कंट्री) हार्डटेल ७० - ७१ डिग्रीच्या असायच्या, उतारावर पुढचं चाक दगडाला अडलं की माणूस हँडलवरून पुढे जातोय असं वाटायचं. आताच्या ट्रेल हार्डटेल साधारण ६४ ते ६६ डिग्रीच्या येतात, चाक पुढे जातं, उतारावर धीर येतो. आणि हार्डटेलमध्ये एक गोष्ट वेगळी आहे जी फुल सस्पेन्शनवाल्यांना (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन) तेवढी लागत नाही: फोर्क (पुढचं सस्पेन्शन) दबला की फक्त पुढचीच बाजू खाली जाते, मागे दबायला काही नाहीच, त्यामुळे साधारण दर २० मिमीला अँगल एक डिग्रीने उभा होतो. १३० मिमीचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) फोर्क तुमच्या वजनानेच २५ मिमीच्या आसपास दबतो, म्हणजे कागदावरची ६५ डिग्री तुम्ही बसल्यावर ६६ च्या वर गेलेली असते, मग खड्ड्यात आणखी. म्हणून कागदावर अँगल जरा जास्तच झोपलेला वाटला तरी घाबरू नका. १५०-१६० चा फोर्क हार्डटेलला मला नको वाटतो तोही ह्याच कारणाने, फोर्क दबेल तशी सायकलची वागणूक बदलत राहते. १२० ते १४० मिमी पुरे.

साईज उंचीच्या तक्त्यावरून ठरवू नका, रीच बघा. पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मधल्या बिंदूतून सरळ वर रेघ मारली तर तिथपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत आडवं अंतर म्हणजे रीच, आणि उतारावर आपण उभे असतो त्यामुळे सायकल मोठी वाटते का छोटी हे त्यावर ठरतं. ५ फूट ७ इंचाच्या माणसाला ४३० ते ४५० मिमी साधारण बरोबर बसतो. सोबत स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) ३५ ते ५० मिमीचा आणि हँडल ७६० - ७८० मिमीचं हवं. दुकानात सायकलवर ९० मिमीचा स्टेम आणि अरुंद हँडल दिसलं तर समजा की डिझाईन जुनं आहे, रंग कितीही नवा असू दे.

सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) अँगल ७४ च्या वर असेल तर चोर्ला घाटाकडच्या चढावर बरं पडतं, वजन पेडलवर येतं आणि पुढचं चाक उचलत नाही. सीट ट्यूब आखूड आणि सरळ हवी म्हणजे ड्रॉपर पोस्ट (हँडलवरच्या बटणाने सीट खाली-वर करणारा दांडा) पूर्ण आत जातो. ड्रॉपर सायकलसोबत आला तर उत्तमच, नाही आला तर फ्रेममध्ये त्याच्या केबलसाठी भोक आहे का आणि सीटपोस्टचा व्यास ३०.९ किंवा ३१.६ मिमी आहे का ते विचारा, २७.२ मध्ये ड्रॉपर मिळतात पण पर्याय कमी. सड्यावरून ओहोळात उतरायचं आणि लगेच पलीकडे चढायचं अशा वाटांवर ड्रॉपरशिवाय चालवणं मला आता जमणारच नाही, खरंच सांगते.

आता ॲक्सल. मागे बूस्ट (रुंद हबचं माप) १४८ गुणिले १२ मिमी थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस), पुढे ११० गुणिले १५. क्विक रिलीजवाली (लिव्हरने सुटणारा बारीक आस) १३५ मिमीची फ्रेम घेतलीत तर नंतर चांगली चाकं घ्यायची वेळ आली की अडकाल. हेड ट्यूब टेपर्ड (खाली रुंद होत गेलेली) हवी, जुन्या अरुंद सरळ ट्यूबच्या फ्रेमला आजचे बहुतेक चांगले फोर्क बसत नाहीत. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची बेअरिंग) थ्रेडेड, म्हणजे आट्यांचा असेल तर आपल्या पावसात फायदा, खोलायचा, साफ करायचा, ग्रीस लावून परत घट्ट.

फोर्क एअरचाच घ्या. स्प्रिंगवाल्या स्वस्त फोर्कमध्ये ठराविक वजनाची स्प्रिंग येते, हलक्या माणसाला तो दबतच नाही आणि जड माणूस असेल तर प्रत्येक खड्ड्यात आपटतो. एअरमध्ये शॉक पंपाने आपल्या वजनाला जुळवता येतं. ३२ मिमी किंवा त्याहून जाड स्टँचियन (फोर्कच्या वरच्या नळ्या) बघा. आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा की सील आणि ऑइल बदलायची सर्व्हिस इथे होते का, कारण साधारण ५० तास चालवल्यावर फोर्कचे खालचे पाय उघडून साफ करायचे असतात आणि पावसाळी चिखलात त्याच्याही आधी.

चाकं २९ इंच, उंची कमी असेल तर छोट्या साईजला २७.५ येतं तेही चांगलं. टायरला मात्र कंजुषी नको. पुढे २.४, मागे २.३ किंवा २.४ इंच रुंद, रिम आतून २८-३० मिमी, आणि साईडवॉल (टायरची बाजू) जाड, कारण जांभ्याची धार पातळ साईडवॉल चिरते. ट्यूबलेस कराच, म्हणजे ट्यूब काढून आत सीलंट (भोकं बुजवणारं द्रव). ७० किलोच्या माणसाने पुढे २० - २२ आणि मागे २४-२६ पीएसआयपासून सुरुवात करावी, मागे जास्त कारण हार्डटेलमध्ये मागची रिमच आधी दगडाला लागते. आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं, दोनेक महिन्यांनी आत बघत जा.

गिअर पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), ३० किंवा ३२ दातांची. शिमानो देओरेचा १२ स्पीड १०-५१ दातांचा कॅसेट (मागच्या गिअरचा संच) मायक्रो स्प्लाईन फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसायचा भाग) बसतो, ११ स्पीडचा ११-५१ साध्या एचजी फ्रीहबवर, आणि चढाला दोन्ही पुरतात.

ब्रेक हायड्रॉलिक, पुढे १८० मिमीचा रोटर (ब्रेकची डिस्क). तांबडा चिखल रेझिन पॅड भराभर खातो, मेटल पॅड जास्त टिकतात, पण रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलंय का ते घेतानाच वाचा, स्वस्त सायकलींवर तसे रोटर असतात. मिनरल ऑइलचे ब्रेक मला बरे वाटतात, डॉट फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे ओलाव्याची काय कमी.

स्टील की ॲल्युमिनियम? क्रोमोली स्टीलची फ्रेम छान लवचिक लागते, मला आवडते, पण समुद्राजवळ राहत असाल तर आतून गंजरोधक मारल्याशिवाय ठेवू नका. ॲल्युमिनियमला ती काळजी कमी, बोल्ट मात्र खाऱ्या हवेत दोन्हीकडे गंजतात.

ट्रायल दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. जवळपास कच्ची वाट, पायऱ्या, एखादा चढ शोधा, उभं राहून चालवा, जोरात ब्रेक मारून बघा. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव अशा अभयारण्यांच्या हद्दीत जायचं तर आधी वनखात्याची परवानगी, आणि बागायतीतून जाताना मालकाला विचारून, काजूच्या हंगामात तर नक्कीच, तेव्हा लोक बिया वेचत असतात.

बजेट ठरवताना हेल्मेट, शॉक पंप, सीलंट आणि एक जादा डेरेलर हँगर (डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) ह्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा. हँगर सायकलसोबतच मागून घ्या. फ्रेमला यूडीएच (अनेक कंपन्यांना चालणारा एकच हँगर) असेल तर तो पुढेही सहज मिळतो, नाहीतर दोन वर्षांनी मॉडेल बंद पडलं की त्या एवढ्याशा तुकड्यासाठी सायकल घरात उभी राहते.