चरबीची गाठ काढायला जाण्याआधी

बोटाखाली सरकणारी, मऊ, न दुखणारी, वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच राहिलेली गाठ बहुतेक वेळा लायपोमा निघते. चरबीची गाठ, कॅन्सर नव्हे. त्रास नसेल तर काढलीच पाहिजे असं काही नाही. लेप, चुना, दोरा बांधणं यातलं काहीही करू नका, कातडी भाजते आणि गाठ तिथेच राहते.

आधी गाठ कसली ते ठरवून घ्या. मधोमध काळा ठिपका असेल तर ती चरबी नाही, सिस्ट (कातडीखालची पिशवी) आहे, आणि ती पिळायची नसते. लाल होऊन ठणकत असेल तर त्या दिवशी ती मुळासकट काढायचा आग्रह धरू नका. पू काढून घ्या, सूज उतरू द्या, उरलेली पिशवी काही आठवड्यांनी काढा. गाठ 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, घट्ट असेल, स्नायूत खोल असेल, भराभर वाढत असेल किंवा दुखत असेल तर छोट्या दवाखान्यातल्या टेबलावर झोपूच नका. आधी एमआरआय, लागली तर सुईची बायोप्सी (सुईने छोटा तुकडा काढून तपासणं), मगच काढणं. सुई लागली की गाठ बिथरते, हे ऐकीव आहे.

आता काढलेली गाठ लॅबला न्यायची बरणी. ही राहून जाऊ नये म्हणून बाकी तयारीच्या आधी लिहितोय. काढलेली गाठ तपासायला गेलीच पाहिजे. डॉक्टर म्हणतील, 'चरबीच आहे, कशाला पाठवायची?' पाठवायची. चरबीसारखी दिसणारी प्रत्येक गाठ चरबीची नसते, आणि एकदा कचऱ्यात गेली की पुन्हा तपासायला काही उरत नाही. छोट्या ठिकाणी गाठ बऱ्याचदा नातेवाइकाच्या हातात देतात आणि 'लॅबमध्ये नेऊन द्या' म्हणतात. म्हणून आदल्या दिवशीच लॅबकडून रुंद तोंडाची बरणी आणि 10 टक्के फॉर्मलिन (गाठ कुजू न देणारा द्रव) मागवून ठेवा. द्रव गाठीच्या किमान दहापट हवा, तळाशी ओतलेल्या दोन चमच्यांनी भागत नाही. सलाईन नको, पाणी नको, स्पिरिट नको, आणि फ्रीजर तर अजिबात नको. औषधाची अरुंद बाटलीही नको: मऊ गाठ आत ढकलता येते, पण फॉर्मलिनमध्ये कडक झाल्यावर बाहेर येत नाही. नाव, वय, कुठली बाजू, कुठली जागा, तारीख हे बरणीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात. गाठ अख्खीच द्या, घरी बरणी उघडून बघू नका, फॉर्मलिनचा वास डोळ्यांना झोंबतो.

औषधं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांतलं काही चालू असेल तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही. मधुमेह, पूर्वी दाताच्या इंजेक्शनला आलेली रिअ‍ॅक्शन हेही सांगा. रक्ताच्या तपासण्या सांगतील त्या करा. जागा बधिर करूनच काढणार असतील तर हलका नाश्ता बहुधा चालतो. पूर्ण भूल असेल तर 6 तास जेवण नाही, साधं पाणीही 2 तास आधी थांबवायचं. केस घरी रेझरने काढू नका, बारीक कापलं जातं आणि तिथूनच जंतू शिरतात. पाठीची गाठ असेल तर पुढून बटणांचा सैल शर्ट घाला.

उभं असताना गाठीवर पेनाने खूण करून घ्या, सुई टोचायच्या आधी. बधिर करायचं औषध आत गेलं की आजूबाजूचा भाग फुगतो आणि मऊ गाठ हाताला लागत नाही. अनेक गाठी असतील तर कुठल्या काढायच्या ते तिथे पोहोचायच्या आधी ठरलेलं असू द्या. कापडात गुंडाळलेली बरणी पिशवीत आहे ना? पुन्हा बघा.

नंतरचं थोडक्यात. ड्रेसिंग 48 तास कोरडं. चेहऱ्याचे टाके साधारण 5 ते 7 दिवसांत, पाठीचे 10 ते 14. जागेत आत पाणी साठून ती फुगली तर दाखवा, घरी टोचू नका. ताप, पू, अचानक टणक सूज आली तर त्याच दिवशी जा. वजन उचलणं, गाडीवरचे खड्डे, थोडे दिवस टाळा. मेडिक्लेमची कागदपत्रं आधी विचारा, तिथेही गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट मागतात.

रिपोर्ट फोनवर 'नॉर्मल आहे' असा ऐकून सोडू नका. कागद हातात घ्या, त्यावरचं नाव आणि बाजू आपलीच आहे का बघा, टाके काढायला जाताना डॉक्टरांना दाखवा. आणि बरणी लॅबमध्ये दिल्याची पावती जपा.