कुकरमधला केक नेमका कुठे बिघडतो? या चुका टाळा

रविवारी दुपारी माझ्या फोनवर फोटो यायला सुरुवात होते. मध्ये खचलेला केक, खालून काळा झालेला केक, विटेसारखा पाव. फोटोखाली एकच ओळ असते, "ताई, फुगलाच नाई व." मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गेली चार वर्षं घरच्या गॅसवर जुन्या कुकरमध्ये केक, पाव, नानकटाई करते आहे. ओव्हन नसलेल्या मैत्रिणी, मावसबहिणी, गल्लीतल्या पोरी मलाच विचारतात. सांगायला मला आवडतं, पण चार वर्षांत चुका बदललेल्या नाहीत. त्याच सहा-सात. म्हणून एकदाच बसून लिहिते.

आधी पैशाचं बोलू. कमी खर्चात करायचं म्हणजे स्वस्तातलं सामान आणायचं, असं बहुतेकींना वाटतं. माझा हिशेब वेगळा आहे. सहा इंची भांड्यातला साधा दह्याचा केक मला 40 रुपयांच्या आत पडतो. दोनदा बिघडला आणि तिसऱ्यांदा जमला, तर तोच केक 120 रुपयांचा झाला. पुडीमागे पाच रुपये वाचवून घाणाच वाया घालवला, तर वाचलं काय?

सोडा आणि बेकिंग पावडर एकच समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती मी स्वतः केली आहे.

मी बारावीत होते. धाकट्या भावाचा वाढदिवस होता आणि गल्लीतली अकरा पोरं बोलावली होती. बाजाराच्या दिवशी किराण्याच्या दुकानात मी "केकची पावडर द्या" म्हटलं. दुकानदाराने कागदाच्या पुडीत पांढरी पूड बांधून दिली. व्हिडिओत दोन चमचे बेकिंग पावडर सांगितली होती, मी दोन चमचे घातली. कृती दुधाची होती, त्यात दही नाही, लिंबू नाही. पंधरा मिनिटांत केक असा चढला की मी आईला ओढत दाखवायला आणलं. पुढच्या पाच मिनिटांत पीठ भांड्याच्या काठावरून कुकरच्या तळाशी पसरलेल्या मिठावर सांडलं, साखर जळाल्याचा वास सुटला आणि मधला भाग खाली बसला. कापला तर आतून पिवळट तपकिरी, मोठाल्या भोकांचा. चव साबणाची. भावाने एक तुकडा काही न बोलता खाल्ला आणि पाणी मागितलं. पोरं ओसरीवर बसलेली, आणि आईने घाईघाईने शिरा टाकला. त्या दिवशी मी रडले.

पुडीत खायचा सोडा होता. सोड्याला फुगायला आंबट लागतं. दही, ताक, लिंबू, संत्र्याचा रस, व्हिनेगर, काहीतरी हवंच. आंबट नसेल तर तो फक्त उष्णतेने फुटतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. साबणाची चव तिथून येते. बेकिंग पावडरमध्ये सोडा असतो, कोरडं आम्ल असतं आणि दोघांना वेगळं ठेवायला थोडा स्टार्च असतो, म्हणून ती नुसत्या दुधातही काम करते.

आता माझी सवय अशी आहे. केकचं पीठ चाळायच्या आधी दोन छोट्या वाट्यांत कोमट पाणी घेते आणि त्यात चिमूटभर पूड टाकते. बेकिंग पावडर असेल तर लगेच बारीक फेस येतो, कानाजवळ धरलं तर सुरसुर ऐकू येते. सोडा असेल तर गपचूप विरघळतो, आणि मग लिंबाचे चार थेंब पिळले की उसळी मारतो. दोन्ही वेळा काहीच झालं नाही तर पूड मेलेली आहे, टाकून द्या. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडी पुडी महिन्याभरात निकामी होते. सुटी पुडी घेऊच नका. तारीख छापलेला छोटा बंद डबा घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

ईनो घालणाऱ्यांना एकच सांगते. ईनो सगळ्यात शेवटी घाला, आणि त्याआधी भांड्याला तेल लागलेलं हवं, कुकर तापलेला हवा. ईनो मिसळल्यावर भांडं शोधायला निघालात तर फुगायचं सगळं कोपरातच, म्हणजे पीठ कालवायच्या परातीतच, फुगून जातं.

व्हिडिओतला कप आणि घरातला कप

व्हिडिओत कप म्हणतात तो 240 मिलीचा असतो. आपल्या घरातला चहाचा कप त्याच्या निम्म्याच्या आसपास. पोरी मैदा चहाच्या कपाने घेतात, दूध ग्लासाने आणि साखर अंदाजाने. मग "कृती चुकीची होती" म्हणतात. मला याचा खरंच राग येतो, कारण बिचाऱ्या कृतीचा काही दोष नसतो.

मोजमापाचा सेट विकत घ्यायची गरज नाही. स्टीलची एक वाटी ठरवा आणि सगळं त्याच वाटीने मोजा. माझी वाटी किती मिलीची आहे हे मी अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीवरून काढलं. तीन वाट्या भरून थोडं उरलं, म्हणजे साधारण 150 मिली. चमच्यासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण धुऊन ठेवा. त्यावर 5 आणि 10 मिलीच्या खुणा असतात. कृतीतला छोटा चमचा 5 मिलीचा, मोठा 15 मिलीचा. घरातले पोह्याचे चमचे एकासारखे दुसरे नसतात, आणि सोड्यात तेवढा फरकही पुरे होतो.

माझं रोजचं प्रमाण: दीड वाटी मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घरचं दही, अर्धी वाटी तेल, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ. पहिले तीन केक अगदी असेच करा. चौथ्या वेळी काय बदलायचं ते एकच बदला. एकाच वेळी मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ आणि तेलाऐवजी तूप घातलं आणि बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते मीही सांगू शकत नाही.

मोठी आच

माझी मावसबहीण अमरावतीला खोली करून शिकते. पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक शेगडी, एक कुकर. तिने हिशेब केला की आच मोठी ठेवली तर केक वीस मिनिटांत होईल आणि गॅस वाचेल. कुकरची रबर काढली नाही, शिटीही तशीच. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. खोली धुराने भरली होती, रबर चिकटून झाकण निघत नव्हतं. गार झाल्यावर उघडलं तर केकचा दोन बोटं तळ कोळसा आणि वर पातळ पीठ. घरमालकीण वर आली आणि त्यानंतर महिनाभर तिला खोलीत फक्त चहा करायची परवानगी होती. 600 रुपयांच्या आसपास नुकसान झालं. शिवाय रोजचा वरणभाताचा कुकर गेला.

म्हणून नीट वाचा. केक करताना कुकरमध्ये पाणी नसतं. रबर आणि शिटी दोन्ही आधी काढून ठेवायची. कोरड्या उष्णतेने सेफ्टी व्हॉल्व्हही वितळू शकतो, त्यामुळे रोजचा कुकर केकसाठी वापरूच नये या मताची मी आहे. घरात कान तुटलेला, बाजूला पडलेला कुकर असतोच. नसेल तर जाड बुडाचा जर्मनचा गंज (अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं) आणि त्यावर घट्ट बसणारी जड ताटली चालते. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उपडी वाटी, आणि केकचं भांडं कडेला टेकणार नाही असं मधोमध. झाकून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. भांडं आत गेलं की आच अगदी बारीक. माझ्या प्रमाणाला 35 ते 40 मिनिटं लागतात. बारीक आचेवरचे 40 मिनिटं काही फार गॅस खात नाहीत. तेच मीठ पुढच्या वेळी वापरा, पण भाजीत घालू नका.

पहिली 25 मिनिटं झाकण उघडायचं नाही. दर पाच मिनिटांनी डोकावणाऱ्यांचा केक मध्ये खचतो, कारण आतली जाळी अजून घट्ट झालेली नसते आणि गार हवा लागली की बसते.

बारीक आचेचं हे मला व्हिडिओवरून कळलेलं नाही. आमच्याकडे मारुतीच्या पाराजवळ रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या पदरी गोळ्यांचं, जेवण असतं. गोवऱ्यांचा ढीग पेटवतात आणि ज्वाळा असेपर्यंत कोणी एकही रोडगा आत टाकत नाही. मी लहान असताना एकदा घाई केली, दोन रोडगे ज्वाळेतच सरकवले. आजी म्हणाली, "कायले एवढी घाई करतं व पोरी? आर पडू दे." आर म्हणजे निखारे. माझे दोन्ही रोडगे वरून काळे झाले आणि फोडले तर आतले तेलाचे पदर कच्च्या कणकेसारखे चिकटलेले. आजीचे राखेत पुरलेले रोडगे तासाभराने निघाले. त्यावरची राख झटकून तिने फडक्यात धरून दाबले तर पदर न् पदर सुटा झाला. वांग्याच्या भाजीबरोबर ते खाताना मला आच म्हणजे काय ते समजलं. आपल्या माणसांना भाजण्याची ही कला पिढ्यान्‌पिढ्या येते, आणि आपण मात्र गॅसची कळ पूर्ण फिरवतो, याचं वाईट वाटतं.

"ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेऊ का?" असंही विचारतात. 1500 वॅटचा ओटीजी पूर्ण तास चालला तर दीड युनिट खातो, ते परवडतं. पण गावात संध्याकाळी व्होल्टेज किती येतं ते आधी बघा. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले की कॉइलची उष्णता साधारण 60 टक्क्यांवर येते. तेव्हा कृतीतली वेळ विसरा. सकाळी लवकर करा, किंवा कुकरच बरा.

मे महिन्यातला पाव

यीस्टची बरीचशी पाकिटं आपल्याकडे टाकीच्या पाण्याने मरतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. कृतीत "कोमट पाणी" लिहिलेलं असतं म्हणून तेच नळाखालून घेतात. साधारण 55-60 अंशांवर यीस्ट मरतं. बोट बुडवून सहज पाच मोजता आले पाहिजेत, एवढंच कोमट. मी मे महिन्यात पीठ सरळ माठाच्या पाण्याने भिजवते. आणि तासभर फुगू द्या हे वाक्य त्या दिवसांत पाळू नका. 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात माझं पीठ अर्ध्या तासात दुप्पट होतं, आणखी ठेवलं तर आंबट वास येऊन बसतं. डिसेंबरात त्याच पिठाला दोन तासांवर लागतात. घड्याळ बाजूला ठेवा. ओलं बोट पिठात खुपसा, खड्डा हळूहळू अर्धा भरला तर पीठ तयार. कुकरमधल्या पावाला वरून रंग येत नाही, तो उलटा करून तव्यावर दोन मिनिटं भाजून घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

नुसत्या ज्वारीच्या पिठाचा केक फुगत नाही, कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. भाकरीसाठी आपण उकळतं पाणी घेतो तेही त्यासाठीच. तीन भागांत एक भाग ज्वारी, दोन भाग मैदा, एवढंच जमतं आणि चव सुंदर लागते.

घरात अंडं चालत नसेल तर महागड्या पावडरी आणू नका. एक मोठा चमचा जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी दहा मिनिटं ठेवलं की चिकट लगदा होतो, तो एका अंड्याच्या जागी घाला. जवस न भाजलेला घ्या, चटणीच्या डब्यातला नाही. मी असं सांगूनही एकीने लसणाची चटणी घातलीच.

वरुड-मोर्शीची संत्री बाजारात आली की दह्याऐवजी रस घाला, सोड्याला लागणारं आंबट त्यात आहे. साल किसताना फक्त केशरी थर घ्या, पांढरा आला की केक कडू.

आपण खारपाणपट्ट्यातले, जमिनीतलं पाणीच खारट. नळ आला नाही त्या दिवशी बोअरचं पाणी पिठात घालणार असाल तर आधी चाखा आणि मीठ कमी करा.

क्रीमचा केक एप्रिल-मेमध्ये करू नका. बर्फावर भांडं ठेवलं तरी लाइट गेली की क्रीम ओघळतं. संत्र्याच्या रसात पिठीसाखर कालवून वर ओता, तेवढं पुरतं.

आणि केक गरम असताना कापू नका. सुरी घेऊन शेगडीपाशी उभ्या राहणाऱ्या पोरींना मी स्वयंपाकघराबाहेर काढते. भांड्यात दहा मिनिटं, मग जाळीवर उलटा करून तासभर. हात लावून तळ गार लागला पाहिजे. गरम कापला तर वाफ निघून जाते, कडा भुगा होतात आणि पूर्ण शिजलेला केकही कच्चा वाटतो. पहिला तुकडा कडेचा घेऊ नका, मधोमध कापा. कच्चा राहिला असेल तर तिथेच दिसेल.