बालरथाच्या मागे गाडी चालवताना

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात बालरथ, म्हणजे शाळेची बस, चालवतो. वाळपईच्या आसपासच्या वाड्यांतली मुलं सकाळी शाळेत पोचवायची, दुपारी घरी सोडायची. बस थोड्या थोड्या अंतरावर थांबते आणि मागे रांग लागते. त्या रांगेत तुम्ही असाल तर एवढं करा.

बस थांबली की तिच्या मागेच थांबा, बाजूने काढू नका. उतरलेलं मूल बऱ्याचदा बसच्या पुढून रस्ता ओलांडतं. बसच्या आडोशामुळे ते तुम्हाला दिसत नाही आणि तुमची गाडी त्याला दिसत नाही. पलीकडे आई उभी असेल तर जास्तच जपा, कारण मूल आईकडे बघत धावतं, रस्त्याकडे नाही. दार लागलं म्हणजे झालं असं समजू नका. बस हलू द्या. तोवर गाडी न्यूट्रलवर ठेवा, चढ असेल तर हँडब्रेक ओढा. हॉर्न मात्र नको. हॉर्नने मूल दचकतं आणि जागीच थिजतं, नाहीतर भलतीकडे पळतं. मला रोज सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

चालत्या गाडीमागे अंतर मोजायची सोपी रीत आहे. पुढची गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. ते म्हणून व्हायच्या आधीच तुम्ही खांब गाठला तर फार जवळ आहात. पावसात चारपर्यंत मोजा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. रस्त्यात बसलेली गाय उठली हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढा रस्ता सरतो. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत चौपट अंतर लागतं.

घाई कशासाठी, याचा हिशेबही करून बघा. १० किलोमीटरला ६० च्या वेगाने १० मिनिटं लागतात, ४० च्या वेगाने १५. ती पाच मिनिटं घरातून निघतानाच काढा.

पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पाव घेऊन चाललेला असेल तर समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत त्याच्या मागे राहा. पावाची पाटी रुंद असते, सायकल खड्डा चुकवताना झुकते. पुढे जाताना निदान दीड मीटर जागा सोडा. काळ्या नंबरप्लेटवर पिवळे आकडे असलेली दुचाकी भाड्याची; चालवणाऱ्याला रस्ता नवा असतो, तो वळणावर अचानक थांबेल असं धरूनच चाला.

केरीहून चोर्ला घाटात अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरताना साधारण चढायच्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर नको. धुक्यात हेडलाइटचा अप्पर लावू नका, उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

आणि तुमच्या मागे कोणी घाईत असेल तर त्याच्याशी चढाओढ करू नका. डावा इंडिकेटर देऊन रुंद कडेला गाडी घ्या, त्याला जाऊ द्या. हात दाखवून किंवा उजवा इंडिकेटर देऊन ‘जा’ म्हणू नका; पुढचं वळण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.