या चुका टाळा: लूनाच्या ब्लॉकचं पोर्ट टायमिंग मोजताना

पोर्ट म्हणजे ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडरच्या, भिंतीतली खिडकी; क्रँकच्या एका फेऱ्यात ती किती अंश उघडी राहते ते तिचं टायमिंग. माझ्या लूनाचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) पोर्ट मोजला, १४२ अंश आले. आतल्या ट्रान्सफरच्या (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या) खिडक्या नीट दिसाव्यात म्हणून हेड उतरवलं, सहज एक्झॉस्ट पुन्हा मोजला, तर १४५. ब्लॉक तोच, पिस्टन तोच, मोजणारा मीच. अर्धा दिवस आकडेमोडीत चूक शोधली. ती तिथे नव्हतीच.

झालं होतं एवढंच, की हेड आणि ब्लॉक एकाच स्टडवर (लांब बोल्टांवर) आवळलेले होते. हेड काढलं की ब्लॉकला धरून ठेवायला काहीच उरत नाही. पिस्टन वर येताना रिंगा भिंतीला घासतात आणि ब्लॉकला सोबत ओढतात. लूनाचा ब्लॉक आडवा, त्यामुळे तो स्वतःच्या वजनानेही बसून राहत नाही. पोर्ट उघडताना पिस्टन आत, क्रँककडे जातो, ब्लॉक जागेवर. बंद होताना पिस्टन बाहेर येतो आणि ब्लॉक मिलिमीटरभर सरकलेला. उघडला बीडीसीच्या (पिस्टन क्रँकच्या सगळ्यात जवळ असतो त्या टोकाच्या) आधी ७१ अंशांवर, मिटला नंतर ७४ वर. उपाय सोपा आहे: स्टडवर पाइपाचे तुकडे नाहीतर जाड वॉशर चढवून नट आवळायचे, मगच क्रँकवरचं अंशांच्या खुणांचं चाक (डिग्री व्हील) फिरवायचं.

या फजितीतून हाती लागलेली एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला सांगतो. पिस्टनने उघडणारा पोर्ट बीडीसीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंशांवर उघडतो आणि मिटतो. एक अंशापेक्षा जास्त फरक आला तर तो आकडा वहीत लिहायचाच नाही. एक तर टॉप, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, चुकीचा धरलाय, नाहीतर काहीतरी हलतंय.

टॉप डोळ्यांनी ठरवणं

प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालायचा, तो वर येऊन थांबला की म्हणायचं, "हा टॉप." जवळजवळ सगळे हेच करतात. लूनाचं मूळ म्हणजे इटलीची पियाज्जिओ चाओ; तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३८.४ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४३ मिलिमीटर. एवढ्या स्ट्रोकला क्रँक टॉपच्या पुढे ५ अंश गेला तरी पिस्टन जेमतेम ०.१ मिलिमीटर उतरलेला असतो. हाताला ते कळणं शक्यच नाही.

त्याऐवजी पिस्टन स्टॉप बनवा. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढायची आणि रिकाम्या कवचात बोल्ट बसवायचा. टोक गोल घासलेलं हवं, नाहीतर पिस्टनच्या डोक्यावर खूण उठते. क्रँक हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, आकडा लिहा. मग उलट फिरवून दुसरा लिहा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टॉप. हेड काढलेलं असेल तर स्टडवर आडवी पट्टी टाकून तिच्यात बोल्ट लावला तरी चालतं.

खरं तर पोर्ट किती अंश उघडा राहतो एवढंच हवं असेल तर टॉपची गरजच नाही. उघडल्याचा आणि मिटल्याचा आकडा यांतलं अंतर घ्या, झालं. पण वरची दोन्ही बाजूंची तपासणी टॉप माहीत असल्याशिवाय करता येत नाही, म्हणून तो शोधायचाच.

लहान चाक, लांब काटा

कंपासपेटीतला कोनमापक यासाठी वापरू नका. १० सेंटिमीटरच्या चाकावर एक अंश म्हणजे ०.८७ मिलिमीटर. छापलेलं डिग्री व्हील जुन्या सीडीवर चिकटवलं तर एक अंश मिलिमीटरहून थोडा मोठा दिसतो. २० सेंटिमीटरच्या पत्र्यावर पावणेदोन. काटा जाड तारेचा, चाकाला जवळजवळ टेकलेला. बारीक तार पाना लागला तरी वाकते आणि वाकल्याचं कळतही नाही.

पोर्ट नक्की कधी उघडला?

पोर्ट पिस्टनच्या डोक्याची कड उघडते, रिंग नाही आणि डोक्याचा मधला फुगीर भागही नाही. बॅटरी मारून "आता फट दिसली" म्हणण्यात दोनतीन अंश सहज जातात. एक्झॉस्टच्या बाजूने फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, ०.०५ मिलिमीटरचं पातं आत घाला आणि पिस्टन हळूहळू वर आणा. पातं अडकलं तो क्षण धरा. दुसऱ्या बाजूलाही तेच पातं, तोच दाब. आधी पोर्टच्या वरच्या कडेचा कार्बन खरवडा, नाहीतर तुम्ही पोर्ट नाही, काजळी मोजताय.

वर्निअरवाल्यांची चूक

काही जण चाक लावतच नाहीत. ब्लॉकच्या वरच्या काठापासून पोर्टच्या छतापर्यंतची खोली वर्निअरने घेतात आणि हिशोब मांडतात. पद्धत चांगली आहे, पण टॉपला पिस्टनची कड ब्लॉकच्या काठाशी समतल असेलच असं नाही. ती जितकी खाली असेल तितकं त्या खोलीतून वजा करा, वर आली असेल तर मिळवा.

दुसरी चूक हिशोबातली, कनेक्टिंग रॉड विसरण्याची. उदाहरणाला स्ट्रोक ४३, रॉड ८५, आणि पोर्ट उघडताना पिस्टन टॉपपासून ३० मिलिमीटर उतरलेला धरू. निम्मा स्ट्रोक २१.५, त्यात रॉड मिळवून १०६.५, त्यातून ३० गेले की ७६.५. आता २१.५, ८५ आणि ७६.५ बाजूंचा त्रिकोण झाला. त्यात ८५ च्या समोरचा कोन साधारण १०६ अंश; टॉपपासून एवढं फिरल्यावर पोर्ट उघडतो आणि टॉपच्या तेवढंच आधी मिटतो, म्हणून दुप्पट २१२. म्हणजे पोर्ट ३६० वजा २१२, १४८ अंश उघडा. रॉड न धरता नुसत्या वर्तुळावर हिशोब केला तर १३३ येतात. १५ अंशांची ही तफावत बघून कितीतरी जणांनी पोर्ट घासायला कानस उचलली असेल.

पॅकिंगचा खेळ

ब्लॉकखालचं पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड टाकलं की याच उदाहरणात एक्झॉस्ट सुमारे ३ अंश वाढतो. ट्रान्सफर ३५ मिलिमीटरवर उघडत असेल तर तो मात्र साडेतीन अंशांहून जास्त वाढतो. शिवाय हेड वर गेल्याने कॉम्प्रेशन घटतं ते वेगळंच. म्हणून मोजताना जे पॅकिंग शेवटी राहणार तेच घाला, आणि नट आवळून दाबलेलं.

इनटेकचं एवढंच: ब्लॉकवर कार्बुरेटरची खिडकी आहे का ते आधी बघा. चाओमध्ये ती नाही. तिथे क्रँकच्या चकतीची खाच हवा आत सोडते. अशा इंजिनात उघडणं आणि मिटणं टॉपच्या दोन्ही बाजूंना सारखं येतच नाही, ते वेगवेगळं लिहायचं. इथे बरोबरी जुळवत बसू नका.

कानस सगळ्यात शेवटी. छत एक मिलिमीटर वर गेलं की ६ अंश वाढतात, आणि घासलेलं बीड परत भरता येत नाही. माझा ब्लॉक १४२ वरच ठेवला. गाडी चढाला ओढत नव्हती म्हणून हा सगळा उद्योग आरंभला होता. सायलेन्सर उतरवला तेव्हा तोंडाशी करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती.