दार लागत नसेल तर आधी खोका तपासा: घरी कपाट आणि फळ्या करताना या चुका टाळा

घरी स्वतः कपाट करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक शेवटच्या दिवशीच्या असतात. दारं वर-खाली दिसतात, ड्रॉवर अडकतो, महिन्याभरात फळी पोटात वाकते. मग जिथे दिसतंय तिथेच आपण हात घालतो: बिजागरी पिळतो, ड्रॉवरला रंधा मारतो. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी हेच काम करतोय आणि दर वेळी एकच गोष्ट समोर आली. दोष दिसतो एका ठिकाणी, पण तो झालेला असतो त्याच्या आधीच्या पायरीवर. म्हणून इथे जे दिसतं तिथून सुरुवात करून मागे जाऊ.

दारं एका रेषेत येत नाहीत

समजा अडीच फूट रुंद, पाच फूट उंच, दोन दारांचं पुस्तकांचं कपाट आहे. दारं लावली आणि मधोमध डावं दार उजव्यापेक्षा चार-पाच मिमी वर दिसतंय. स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवा, टेप घ्या आणि खोक्याचे (म्हणजे दारं-ड्रॉवर सोडून उरलेल्या कपाटाचे) दोन्ही कर्ण मोजा: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, मग उलट. या मापाच्या खोक्यात कर्णांमध्ये ८ मिमी फरक असेल तर दारांत बरोबर हा चार-पाच मिमीचा फरक दिसतो. खोका गुण्यातून (काटकोनातून) गेलाय, दारं सरळच आहेत.

पाठ, म्हणजे मागची प्लाय, नुसती स्क्रूवर असेल आणि सांधे फेविकॉलने पक्के झाले नसतील तर काम सोपं आहे. पाठीचे स्क्रू सैल करा, जो कर्ण लांब आहे त्याच्या दोन कोपऱ्यांवर पट्टा टाकून हळूहळू ओढा, दोन्ही मापं सारखी आली की पाठ पुन्हा आवळा. पाठीची प्लाय ६ मिमीची असली तरी खोक्याला गुण्यात धरून ठेवणारी तीच असते. म्हणून ती काटेकोर काटकोनात कापा आणि सांध्यांतला फेविकॉल ओला असतानाच बसवा. ‘पाठ शेवटी मारू’ ही मला सगळ्यात महाग पडलेली सवय.

कर्ण सारखे आले आणि तरी दारं जुळत नाहीत? मग फरशी बघा. आपल्याकडे बाल्कनी आणि मोरीकडे फरशीला उतार असतोच. आडवं ठेवून अचूक बांधलेलं कपाट उभं केल्यावर तीनच कोपऱ्यांवर टेकतं आणि पीळ खातं. अधांतरी कोपऱ्याखाली सनमायकाचे तुकडे सरकवत जा. एक तुकडा म्हणजे १ मिमी, त्यामुळे अंदाज सोपा जातो. लेव्हल दोन्ही दिशांना बघा आणि त्यानंतरच बिजागरीचे स्क्रू फिरवा.

बिजागरीचं एक आधीच ठरवावं लागतं: तिचा क्रँक, म्हणजे दांडीतला बाक. दार खोक्याची कड पूर्ण झाकणार असेल तर झिरो क्रँक, मधल्या एकाच पार्टिशनवर दोन दारं येणार असतील तर ८ क्रँक, दार खोक्याच्या आत बसणार असेल तर १५-१६ क्रँक. चुकीची बिजागरी कितीही फिरवली तरी जमत नाही. तिच्या वाटीचं (दारात बसणाऱ्या गोल भागाचं) भोक ३५ मिमी व्यासाचं आणि साधारण १२ मिमी खोल असतं. तेव्हा १२ मिमीच्या प्लायचं दार करू नका, बिट थेट पलीकडे निघेल. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर जाड स्क्रू कोंबू नका. फेविकॉलमध्ये बुडवलेली बांबूची काडी ठोकून बसवा, रात्रभर सुकू द्या, वरचा भाग कापून नवीन भोक पाडा.

ड्रॉवर अडकतो

ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना मिळून साधारण २५-२६ मिमी लागतात. म्हणजे आतली मोकळी जागा ४५० असेल तर ड्रॉवरची बाहेरून रुंदी ४२४. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. चूक होते ती मोकळी जागा कागदावरून काढण्यात. १८ मिमीची म्हणून घेतलेली प्लाय मोजली तर बरेचदा थोडी कमी भरते. त्यावर आतून सनमायका लावला की दोन्ही बाजूंचे मिळून २ मिमी जातात. माझ्या पहिल्या स्वयंपाकघरातले तीन ड्रॉवर याच दोन मिलिमीटरांनी खाल्ले. आता नियम असा: खोका उभा राहून आतून सनमायका लागेपर्यंत ड्रॉवर कापायचाच नाही. माप घ्यायचं तेही पुढे, मध्ये आणि मागे असं तीन जागी. मागचं माप पुढच्यापेक्षा कमी आलं तर ड्रॉवर आत जाताना जड होतो. ड्रॉवर सैल निघाला तर चॅनलमागे सनमायकाची पट्टी घाला, हे सोपं. घट्ट निघाला तर मात्र त्याची एक बाजू नव्यानेच करावी लागते.

फळी वाकते

पुस्तकांनी भरलेल्या एका फुटावर आठ-दहा किलो सहज येतात. हे वजन एकसारखं पसरलेलं असताना दोन फुटांची फळी तीन फूट केली तर ती दीडपट वाकत नाही, पाचपट वाकते. आणि १८ ऐवजी १२ मिमी वापरली तर त्याच लांबीत तिप्पटीहून जास्त. १८ मिमीच्या प्लायला पुस्तकांसाठी अडीच फुटांपलीकडे नेऊ नका. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर दोन फूट पुरे.

बसलेली फळी काढून टाकायची गरज नसते. ती उलटी करा आणि पुढच्या कडेला सुमारे दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी चिकटवून स्क्रूने आवळा. दहा इंच खोल फळीचा ताठपणा एवढ्यानेच जवळजवळ दुप्पट होतो. पाठ लावलेली असेल तर मागून फळीत तीन स्क्रू मारा, मागची कडही वाकायची थांबते.

कापताना आणि जोडताना

प्लायची शीट ८ बाय ४, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. चार फुटांतून एक फुटी चार पट्ट्या निघतील असं वाटतं, पण निघत नाहीत. करवत प्रत्येक कापात सुमारे ३ मिमी खाते, तीन कापांत ९ मिमी गेले. फळी ३०० मिमीची धरा, चारही निघतील. हातातल्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, तेव्हा चांगली बाजू खाली ठेवा, नाहीतर वरची साल उचकटते.

३५ बाय ८ चा (३५ मिमी लांब, ८ नंबर जाडीचा) स्क्रू १८ मिमीच्या बाजूतून गेला की समोरच्या फळीत फक्त १७ मिमी उरतो. तिथे ५० चा स्क्रू वापरा. प्लायच्या कडेत आधी ३ मिमीचं भोक पाडा, टोकापासून एक इंच तरी आत. नाहीतर थर सुटतात आणि ते नंतर कशानेही जुळत नाहीत.

आणि सनमायका एकाच बाजूला लावू नका. आतून पातळ लायनर का होईना, लावाच. एका बाजूने झाकलेलं दार पावसाळ्यात पीळ खातं आणि त्याचा दोष बिजागरीवर जातो.

भिंत

फळी भिंतीतून निघून आली की लोक मोठा स्क्रू आणतात. आधी ड्रिलचा भुगा बघा. लाल आला तर वीट आहे. राखाडी आणि टणक आला तर काँक्रीट. पांढरा, पिठासारखा आला तर सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक आहे. तिथे हॅमर बंद करून ड्रिल करा आणि त्या ब्लॉकसाठीचेच अँकर घ्या, साधा प्लास्टिकचा गट्टू तिथे वजन धरत नाही. विटेतही गट्टू प्लॅस्टर ओलांडून विटेत गेला पाहिजे. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि खाली भोक पाडू नका, तिथून वायरची नळी जाते. उंच कपाट जमिनीवर उभं असलं तरी वरून भिंतीला बांधाच. लहान मूल उघड्या ड्रॉवरवर चढलं की कपाट पुढे कलंडतं.

राहिली ओल. माझ्या बहिणीकडे रत्नागिरीत बाहेरच्या भिंतीला चिकटवून केलेल्या कपाटाची पाठ दोन पावसाळ्यांत फुगली. प्लाय चांगली होती, पण भिंत आतून ओली होती. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, भिंत एक उन्हाळा सुकू द्या. मग पाठीमागे अर्धा इंच जागा सोडा, कापलेल्या सगळ्या कडा सील करा आणि फरशी पुसताना पाणी चढू नये म्हणून खाली चार इंचांचे पीव्हीसी पाय लावा. प्लाय घेताना शिक्क्यावरचा आकडा वाचा: ओल्या जागी आयएस ७१० (मरीन), कोरड्या खोलीत आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारी) चालते. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून दुकानातच तपासता येतो. शीट टेम्पोत चढायच्या आधी तपासा.