नवख्यांना सामावून घेणाऱ्या नृत्यगुरूंची स्मृतिसभा कशी आखावी

नवख्यांना आपलेसे करणाऱ्या, संगीतशिक्षक आणि लोकनर्तक असलेल्या गुरूंची आठवण जागवायची असेल, तर भाषणांपेक्षा वर्तुळनृत्याला, म्हणजे एकमेकांचे हात धरून वर्तुळात नाचण्याला, अधिक वेळ द्यावा. आरंभी त्याच त्या पावलांची आवर्तने असलेले सोपे नृत्य निवडावे, प्रत्येक अनुभवी नर्तकाने दोन नवख्यांच्या मध्ये उभे राहावे आणि लय संथ ठेवावी, कारण नवखा माणूस तोंडी सूचनांपेक्षा शेजाऱ्याच्या हातातून आणि पावलांतून ताल लवकर उचलतो. अशा शिक्षकाने आयुष्यभर नेमके हेच केलेले असते. बोलणाऱ्यांनी गुणगौरवाऐवजी गुरूंच्या वर्गातील आपला पहिला दिवस सांगावा, आणि त्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. गुरूंच्या हस्ताक्षरातील स्वरलेखन कुटुंबीयांच्या संमतीने स्कॅन करून जपावे. नाचू न शकणाऱ्यांच्या खुर्च्या भिंतीशी नव्हे, वर्तुळालगतच मांडाव्यात.